पोरीचा फॉर्म कुठे गेला? माझ्या आरटीआयचा अनुभव

आमचं घर इंदूरला लोकमान्य नगरात आहे, खाली आम्ही दोघं राहतो आणि वरच्या दोन खोल्या मुलींना भाड्याने देतो. भंवरकुआंच्या कोचिंगला येणाऱ्या पोरी असतात, खंडवा, खरगोन, बऱ्हाणपूर, कुठून कुठून येतात, कोणी एमपीपीएससीचं करतंय, कोणी बँकेच्या परीक्षा, आणि बारा-तेरा वर्षांत आमच्याकडे इतक्या मुली राहून गेल्या की दिवाळीला फोन घ्यायला मी वेगळा वेळ काढून ठेवते. भाडेकरू ठेवला की पोलिस ठाण्यात फॉर्म द्यायचा हे मला माहीत होतं आणि मी तो दर वेळी दिलेला आहे. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं, उलट बरंच वाटायचं, परक्या गावातल्या पोरी आहेत, पोलिसांना माहीत असलेलं चांगलं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बऱ्हाणपूरची एक मुलगी आली. घरी मराठी बोलणारी, त्यामुळे पहिल्या दिवसापासून काकू काकू करत स्वयंपाकघरातच. तिचं नाव इथे लिहीत नाही, ठाण्याचंही नाही, कारण मला कोणा एका माणसाला बदनाम करायचं नाहीये, मला काय झालं आणि त्यानंतर मी काय काय केलं ते सांगायचंय, म्हणजे कोणावर अशी वेळ आली तर त्याला निदान कुठून सुरुवात करायची हे तरी कळेल.

तर फॉर्म. नाव, वडिलांचं नाव, गावचा पूर्ण पत्ता, तिचा मोबाइल, वडिलांचा मोबाइल, कोचिंगचं नाव, फोटो चिकटवायचा, सोबत आधारची झेरॉक्स. मी भरून ठाण्यात गेले तर टेबलावरच्या माणसाने कागद बघितला आणि म्हणाला, "मैडम, इसका फोटो खींच के इस नंबर पे व्हाट्सऐप कर दो, जल्दी हो जाएगा, कागज बाद में दे देना." चिठ्ठीवर नंबर दिला. मी घरी आले, डायनिंग टेबलावर फॉर्म आणि आधार शेजारी शेजारी ठेवले, खिडकीतून ऊन येत होतं म्हणून जरा तिरका धरून फोटो काढला आणि पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, झालं काम. कागद द्यायला मी परत गेले नाही आणि तिथून कोणी मागितलाही नाही.

१७ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. इंदूरच्या लोकांना सांगायला नको, ती झांक्यांची, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांच्या मिरवणुकीची रात्र, अख्खं शहर रस्त्यावर असतं, गिरण्या बंद पडून किती वर्षं झाली तरी त्यांच्या नावाच्या झांक्या निघतातच. पोर मैत्रिणींबरोबर बघायला जाणार होती. साडेसातच्या सुमारास खाली आली ती नटून आलेली नव्हती, फोन हातात घट्ट धरलेला आणि चेहरा पांढरा. कोणीतरी फोन करून तिला नावाने हाक मारली होती, वडिलांचं नाव सांगितलं होतं आणि विचारलं होतं की वरच्या खोलीत एकटीच राहतेस का. आधी दोन दिवस एका पीजीवाल्या दलालाचेही फोन येत होते, ते तिने मला सांगितलं नव्हतं, तिला वाटलं कोचिंगमधून नंबर गेला असेल. त्या रात्री कोणी झांक्या बघायला गेलं नाही. साडेअकराला परत फोन आला तो मी उचलला, मी हॅलो म्हटलं आणि पलीकडून कट.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा किराणावाला, जो आम्हाला वीस वर्षं ओळखतो, त्याने मला दुकानात बोलावून त्याच्या मोबाइलवर एक ग्रुप दाखवला. मोहल्ल्याच्या सुरक्षेसाठी म्हणून केलेला ग्रुप, दोनशेच्या वर माणसं, दुकानदार, प्रॉपर्टीवाले, रिकामटेकडी पोरं, सगळे. त्यात "क्षेत्र के नए किरायेदार" म्हणून सात-आठ फोटो टाकलेले होते आणि त्यातला तिसरा आमच्या पोरीचा. मी तो बोटांनी मोठा केला. फॉर्मच्या कडेला हिरव्या चौकड्यांचं मेणकापड दिसत होतं आणि डाव्या कोपऱ्यात हळदीच्या बोटाचा पिवळा डाग, जो माझ्याच टेबलावर आहे, अजूनही आहे, घासून जात नाही. म्हणजे हा मीच काढलेला फोटो. मी एका नंबरवर पाठवलेला फोटो दोनशे माणसांच्या खिशात गेला होता, त्यावर आधारचे बाराही आकडे स्वच्छ वाचता येत होते, माझे हातपाय गार पडले. तिने आधार विश्वासाने माझ्या हातात दिलं होतं, आणि ते माझ्या हातून गेलं.

किराणावाल्याने ग्रुपच्या ॲडमिनला फोन करून फोटो काढायला लावले, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर आम्ही त्या नंबरांची तक्रार टाकली, पोरीने सिम बदललं, तिचे वडील बऱ्हाणपूरहून आले आणि तिला घेऊन जायच्या गोष्टी करायला लागले. हे सगळं चार दिवसांत. वडील मला एक शब्द वाईट बोलले नाहीत, फक्त एवढंच विचारलं, "ताई, मग तो कागद आता आहे कुठे?" आणि मला उत्तर देता येईना. ठाण्यात विचारायला गेले तर तिथला दुसराच माणूस म्हणाला की ग्रुप आमचा नाही, नंबर कोणाचा ते बघावं लागेल, तुम्ही काळजी करू नका. तो उद्धट नव्हता. पण कागद कुठे आहे ते त्यालाही माहीत नव्हतं हे मला स्पष्ट दिसत होतं, टेबलाखाली गठ्ठे पडलेले होते, सुतळीने बांधलेले, वरच्या फॉर्मवरचा कोणा मुलाचा फोटो मला उभ्या उभ्या दिसत होता.

माझा भाचा हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात वकिली करतो. त्याला म्हटलं आपण केस करू, तर तो म्हणाला, "मावशी, केस नंतर. आधी त्यांच्याकडून लेखी घे की ते हे कागद कुठल्या नियमाखाली घेतात, कुठे ठेवतात आणि कधी फाडतात. तुझ्या हातात आत्ता नुसता एक स्क्रीनशॉट आहे." मग त्याने मला रविवारी दुपारी बसवून जे सांगितलं ते मी इथे लिहिते, कारण शाळेत इतकी वर्षं शिकवून हे मला माहीत नव्हतं.

सरकारने आणि पोलिसांनी माणसाच्या आयुष्यात हात घालायचा तो किती आणि कशाच्या आधारावर, या प्रश्नातले दोन मोठे खटले आपल्या मध्य प्रदेशच्या नावाने आहेत. एक गोविंद नावाच्या माणसाचा, गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९७५ चा. पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट, म्हणजे सराईत गुन्हेगार म्हणून नोंद, उघडली होती, रात्री-बेरात्री घरी यायचे, त्याने मध्य प्रदेश पोलिस रेग्युलेशनच्या ८५५ आणि ८५६ नंबरच्या नियमांना आव्हान दिलं. सुप्रीम कोर्टाने नियम रद्द केले नाहीत, पण म्हटलं की ज्यांच्यापासून समाजाला खरोखर धोका आहे त्यांच्यापुरतेच ते वापरा, आणि हे जुने नियम घटनाबाह्य होण्याच्या अगदी काठावर उभे आहेत, ते बदला. त्याच्या आधी १९६२ मध्ये उत्तर प्रदेशच्या खडक सिंहच्या खटल्यात कोर्टाने रात्रीच्या घरभेटी बेकायदा ठरवल्या होत्या पण खाजगीपणाचा हक्क घटनेत नाही असंही म्हटलं होतं, फक्त न्यायमूर्ती सुब्बाराव आणि त्यांच्या सोबतचे एक न्यायमूर्ती पूर्ण सहमत नव्हते. दुसरा आपल्याकडचा खटला एडीएम जबलपूर, १९७६, आणीबाणीतला, ज्यात बहुमताने सांगितलं की आणीबाणी असताना बेकायदा अटकेविरुद्धही कोर्टात जाता येणार नाही, एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात राहिले. त्या बहुमतात आपले यशवंतराव चंद्रचूड होते. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, त्यात मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूडांचं, आणि त्यात वडिलांचा जबलपूरचा निकाल चुकीचा होता असं मुलाने स्वच्छ लिहून तो मोडीत काढला. हे ऐकताना मी चहा तसाच ठेवून बसले होते. घरातल्या मोठ्या माणसाची चूक देशासमोर लिहून दुरुस्त करायची, याला काय म्हणावं.

त्याच निकालातून भाच्याने मला तीन गोष्टी वहीत लिहायला लावल्या. सरकारने तुमच्या खाजगी गोष्टीत हात घालायचा तर त्याला कायद्याचा आधार पाहिजे, हेतू रास्त पाहिजे, आणि हात त्या हेतूला लागेल तेवढाच आत गेला पाहिजे. मी म्हटलं, भाडेकरूची नोंद ठेवायला माझी हरकतच नाही, हेतू मला मान्य आहे. "मग तुझं भांडण पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीशी आहे," तो म्हणाला. तिथून माझे प्रश्न ठरले.

अजून एक गोष्ट त्याने सांगितली ती मनात राहिली. संविधान सभेत आंबेडकर आणि मुन्शी या दोघांनी मूलभूत हक्कांच्या मसुद्यात घर आणि कागदपत्रं यांच्या मनमानी झडतीपासून संरक्षण घाला असं सुचवलं होतं, पण पोलिसांच्या तपासात अडचण येईल म्हणून सभेचे सल्लागार बी. एन. राव आणि सदस्य अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी विरोध केला आणि ते वगळलं गेलं. महू आमच्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर, दर वर्षी १४ एप्रिलला त्या रस्त्याने माणसांचे लोंढे जातात, आणि त्याच माणसाने "कागदपत्रं" हा शब्द तेव्हाच लिहून ठेवला होता.

आता आरटीआय. अर्ज पोरीने तिच्या सुंदर हिंदी अक्षरात लिहिला. हो, ती गेली नाही, वडिलांनी दिवाळीपर्यंत बघू म्हटलं होतं. प्रश्न सहा होते. भाडेकरूची माहिती देण्याचा जो आदेश सध्या लागू आहे त्याची प्रमाणित प्रत. फॉर्म कागदावर ठेवतात की कुठल्या ॲपवर आणि ते ॲप कोणाचं. ते बघायचा अधिकार कोणाकोणाला. किती दिवस ठेवायचे आणि नष्ट कसे करायचे याचा नियम. व्हॉट्सॲपवर फोटो मागवण्याचा काही लेखी आदेश आहे का. आणि मागच्या एका वर्षात किती फॉर्म आले आणि त्यातून किती गुन्हेगार सापडले. शेवटचा प्रश्न माझा स्वतःचा, कारण हजारो पोरापोरींची माहिती गोळा करायची तर त्याचा उपयोग किती होतो हे विचारायला नको का.

फी १० रुपये, रोख. पोलिसांच्या आवक-जावक शाखेत गेले, तिथे पहिला प्रश्न, "ये सब कायको चाहिए आपको?" भाच्याने आधीच बजावलं होतं की माहिती अधिकाराच्या कलम ६(२) प्रमाणे कारण सांगायची गरज नाही, पण मी तरी सांगितलं, म्हटलं माझ्या भाडेकरूचा फॉर्म मोहल्ल्याच्या ग्रुपवर फिरलाय. तो माणूस क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "मेरी भी बेटी पुणे में पीजी में रहती है," आणि शिक्का मारून पावती दिली. पावती, आवक-जावक, हे शब्द इथल्या सरकारी हिंदीत रोज चालतात आणि मला तिथे दर वेळी घरच्यासारखं वाटतं, तेवढीच एक गोष्ट त्या इमारतीत घरच्यासारखी होती.

तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अठ्ठाविसाव्या दिवशी पाकीट आलं. एका पानाचं उत्तर, की मागितलेली माहिती कलम ८(१)(छ), (ज) आणि (ञ) अन्वये देता येत नाही. हिंदी कायद्यात ही अक्षरं अशी असतात, इंग्रजीत जी, एच, जे. पहिलं म्हणजे कोणाच्या जिवाला धोका किंवा खबऱ्याची ओळख उघड होणं, दुसरं तपासात अडथळा, तिसरं वैयक्तिक माहिती. म्हणजे पोरीची वैयक्तिक माहिती दोनशे लोकांना गेली आणि ती कशी जपता हे मी विचारलं तर उत्तर आलं की वैयक्तिक माहिती देता येत नाही. मला रडू आलं. हे म्हणाले जाऊ दे आता, पोर सुखरूप आहे ना. दोन दिवस मी खरंच जाऊ दिलं.

मग भाच्याने ते पान हातात घेतलं आणि म्हणाला मावशी यात चार चुका आहेत. नकार द्यायचा तर कलम ७(८) प्रमाणे कारण लिहावं लागतं, नुसता कलमाचा नंबर चालत नाही, आणि अपील कोणाकडे आणि किती दिवसांत तेही लिहावं लागतं, ते नव्हतं. तपासाचं कलम लावायचं तर तपासात अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, दिल्ली हायकोर्टाने २००७ च्या भगत सिंह निकालात हेच सांगितलंय की तपास चालू आहे एवढं म्हणणं पुरेसं नाही, आणि इथे तर तपासच नव्हता. कलम १० प्रमाणे थोडा भाग गुप्त असेल तर तेवढा झाकून बाकीचा देता येतो. आणि नियम, मॅन्युअल, रेकॉर्डचे प्रकार हे तर कलम ४ प्रमाणे कोणी न मागता जाहीर करायचे असतात. मी नियम मागितला होता, कोणा माणसाचं नाव मागितलंच नव्हतं. सर्वात महत्त्वाचं म्हणजे अपिलात नकार बरोबर होता हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्याची, कलम १९(५), अर्जदाराची नाही. हे वाचून मला परत उभारी आली. वर्गात मी मुलांना सांगायचे की उत्तर नुसतं लिहू नका, पायऱ्या दाखवा, हे तसंच होतं.

पहिलं अपील तीस दिवसांच्या आत करायचं, आपल्या राज्यात त्याची फी ५० रुपये. डिसेंबरमध्ये केलं. जानेवारीत सुनावणीची चिठ्ठी आली.

त्या दिवशी पोरही माझ्याबरोबर आली, मी नको म्हणत होते, तिने ऐकलं नाही. साडेअकराची वेळ होती, आत बोलावलं एक वाजता. अपील ऐकणारे अधिकारी वरिष्ठ, शांत, चष्मा कपाळावर ढकलून कागद वाचत होते, बाजूला माहिती अधिकारी फाइल घेऊन उभे. मी लिहून आणलेलं वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला माझा आवाज कापायला लागला, तेव्हा मी कागद ठेवला आणि पिशवीतून दोन गोष्टी काढल्या. एक त्या ग्रुपवरच्या फोटोचा मोठा प्रिंट, आधारचे आकडे मी काळ्या शाईने झाकलेला, आणि दुसरं म्हणजे टेबलावरचं मेणकापड, घडी करून नेलं होतं. ते टेबलावर उलगडलं आणि हळदीचा डाग प्रिंटमधल्या डागाशेजारी ठेवला. म्हटलं साहेब, हा फोटो माझ्या घरात काढलाय आणि मी फक्त तुमच्या ठाण्यातून मिळालेल्या नंबरला पाठवलाय. आधार कायद्याच्या कलम २९(४) प्रमाणे कोणाचाही आधार नंबर असा जाहीर करता येत नाही. मला कोणाला शिक्षा करवायची नाही, मला फक्त तो नियम दाखवा ज्यात लिहिलंय की हा कागद कोण बघेल आणि कधी नष्ट होईल.

खोलीत कोणीच काही बोललं नाही. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, डाग बघितला, मग पोरीकडे बघून विचारलं, "आप हैं?" ती म्हणाली, "जी." पुढे तिने न विचारता एक वाक्य सांगितलं, की सर, मी आता नवीन ठिकाणी नाव लिहिताना वडिलांचा नंबर देत नाही. ते मान हलवत राहिले. माहिती अधिकाऱ्यांना त्यांनी विचारलं की तपास कुठला चालू आहे, तर उत्तर नव्हतं.

पंधरा दिवसांनी आदेश आला आणि त्यासोबत माहिती. सहापैकी काही मिळालं, काही नाही. आदेशाची प्रत मिळाली, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खालची, जे आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे. आणि इथे मला पहिल्यांदा कळलं की असा आदेश दोन महिनेच चालतो, राज्य सरकारने वाढवला तरच अजून जास्तीत जास्त सहा महिने, म्हणजे तो सारखा नवीन काढावा लागतो. मला दिलेल्या प्रतीवरची तारीख धरून दोन महिने मोजले तर मी ज्या दिवशी फॉर्म दिला तो दिवस त्यात बसत नव्हता. त्या दिवशीचा दुसरा आदेश असेलही, पण पाकिटात नव्हता. व्हॉट्सॲपवर मागवायचा लेखी आदेश, "संधारित नहीं है," म्हणजे आमच्या रेकॉर्डला नाही. कोण बघू शकतं, "संधारित नहीं है." किती दिवस ठेवायचे आणि कसे नष्ट करायचे, तिथे एकच शब्द, "निरंक," म्हणजे काहीच नाही. फॉर्मची संख्या दिली, ती मी इथे लिहीत नाही कारण ती एका ठाण्याची आहे आणि ओळख पटेल, आणि सापडलेल्या गुन्हेगारांपुढे परत "निरंक".

त्या निरंकवर मी खूप दिवस विचार केला. तुम्हाला माहीत आहे का, सरकार कोणाचा फोन टॅप करतं तर त्याला निदान नियम आहे. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मग २००७ मध्ये टेलिग्राफ नियमांत ४१९-ए आला, त्याची जागा २०२४ च्या डिसेंबरमध्ये नवीन नियमांनी घेतली पण गाभा तोच राहिला, गृह सचिवांचा लेखी आदेश पाहिजे, साठ दिवसांची मुदत, वाढवत गेलं तरी १८० दिवसांच्या पुढे नाही, कॅबिनेट सचिव किंवा राज्याच्या मुख्य सचिवांच्या समितीने दर दोन महिन्यांनी बसून तपासायचं, आणि गरज नसेल तर रेकॉर्ड दर सहा महिन्यांनी नष्ट करायचं. त्या समितीत सगळे सरकारीच अधिकारी असतात, बाहेरचा न्यायाधीश नाही, आणि हे मला अपुरंच वाटतं, आपल्या कामावर आपणच नजर ठेवायची म्हणजे काय. पण निदान "सहा महिन्यांनी नष्ट" असं कुठेतरी लिहिलेलं आहे. ज्याच्यावर संशय आहे त्याच्या बोलण्याला मुदत आहे आणि बऱ्हाणपूरहून अभ्यासाला आलेल्या पोरीच्या फोटोला, पत्त्याला, बापाच्या नंबरला मुदतच नाही. हे मला सहन होत नाही, अजूनही होत नाही.

अपिलाच्या आदेशात शेवटी दोन ओळी होत्या ज्या मी मागितल्याही नव्हत्या. सगळ्या कर्मचाऱ्यांना समज द्यावी की फॉर्मचे फोटो खाजगी मोबाइलवर घेऊ नयेत, आणि फॉर्म कुलुपात ठेवावेत. मी त्या साहेबांची मनापासून आभारी आहे. पण समज म्हणजे नियम नाही, साहेबांची बदली झाली की समजही जाते, म्हणून भोपाळला राज्य सूचना आयोगाकडे, म्हणजे माहिती आयोगाकडे, दुसरं अपील केलं, नव्वद दिवसांची मुदत असते, फी १०० रुपये, स्पीड पोस्टने पाठवलं. प्रश्न दोनच ठेवले, माझ्या फॉर्मच्या तारखेचा आदेश आणि नष्ट करण्याचा नियम. ते अजून चालू आहे.

मधल्या काळात एक बदल झाला तो सांगायलाच हवा कारण पुढे आरटीआय टाकणाऱ्यांना तो आडवा येणार आहे. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले. मला आधी आनंद झाला की चला, आता आपल्या माहितीला कायदा आला. भाच्याने दोन कलमं दाखवली. कलम १७(२) मध्ये केंद्र सरकार कुठल्याही सरकारी यंत्रणेला अधिसूचना काढून या कायद्यातून बाहेर ठेवू शकतं, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी. आणि कलम ४४(३) ने आरटीआयचं वैयक्तिक माहितीचं कलमच बदललं, आधी त्यात लिहिलं होतं की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली माहिती देऊ नये आणि व्यापक जनहित असेल तर द्यावी, आता नुसतं "वैयक्तिक माहिती" एवढंच उरलंय. जनहिताचा आधार कलम ८(२) मध्ये अजून आहे, तोच धरायचा. म्हणून माझं सांगणं आहे की अर्जात कोणा व्यक्तीची माहिती मागूच नका, नियम मागा, आदेश मागा, तारखा आणि आकडे मागा, म्हणजे ते कलम लावायला जागाच राहत नाही.

आणि आधारची नुसती झेरॉक्स कोणाला देऊ नका. आधारच्या वेबसाइटवरून मास्क्ड आधार निघतं ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. २०२२ च्या मे महिन्यात आधारच्या एका प्रादेशिक कार्यालयाने झेरॉक्स वाटू नका असं पत्रक काढलं होतं आणि गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत सरकारने ते मागे घेतलं, पण मास्क्डची सोय तेव्हाही होती, आजही आहे. मी आता प्रत्येक मुलीकडून तेच घेते आणि त्यावर आडवं लिहायला लावते, "फक्त भाडेकरू पडताळणीसाठी", तारीख आणि सही.

आमची बऱ्हाणपूरची पोर दिवाळीला घरी गेली ती परत आली, एक वर्ष राहिली, आता तिला लहानशी नोकरी लागलीय आणि अभ्यासही चालू आहे. तिच्या खोलीत गेल्या महिन्यात खरगोनची मुलगी आली. फॉर्म मी स्वतः घेऊन गेले, फोटो मागितला तर द्यायचा नाही असं ठरवूनच गेले होते. टेबलावर नवीन माणूस होता. त्याने मास्क्ड आधार उलटसुलट करून बघितलं, आडवी ओळ वाचली, विचारलं हे कोणी सांगितलं लिहायला, मी म्हटलं मीच. त्याने काही न बोलता शिक्का मारला, मी पावती मागितली, ती दिली. मग मी विचारलं, हा ठेवणार कुठे. तो उठला आणि मागच्या लोखंडी कपाटात नेऊन ठेवला. टेबलाखाली एकही गठ्ठा नव्हता. कपाटाला त्याने कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली.